इनामपत्रांतील ‘तृण’: दख्खनचीं कुरणें, माळरानें व त्यांचे राखणदार

मराठी इनामपत्रें ज्यांच्या हातांखालून गेलीं आहेत त्यांस ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही शब्दमालिका नवी नाहीं. ती इतकी परिचयाची झाली आहे कीं, पत्र वाचतांना ती कोणी वाचीतच नाहीं. इनामदाराचें नांव, गांव, चावर-बिघ्यांचा आंकडा, शक, मास, तिथि व शिक्का एवढें टिपून घेतलें म्हणजे नक्कल करणाराचें काम संपतें. ‘कुलबाब कुलकानू’ पासून ‘हक्कदार व इनामदार खेरीज करून’ पर्यंतचा मधला मजकूर नेहमींचा पाठ म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे, आणि आम्हीही तो पुष्कळ वर्षें पाळला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या सोडून दिलेल्या मजकुरांतील तिसरा शब्द हा आहे.

दान देणारा जमीन देतो. मग तिच्यावरील गवत निराळें कां सांगतो? उत्तर उघड आहे. गवत ही निराळी मालमत्ता होती. तिला किंमत होती, तिच्यावर हक्क होता, त्या हक्कावरून कज्जे होत, आणि म्हणून ती नांव घेऊन दिल्यावांचून दिली गेली असें होत नसे. पाणी, झाडें, दगड व पुरलेलें धन यांच्या पंक्तीस गवत बसविलें आहे, तें काव्यासाठीं नव्हे. असें असतां आमचा सर्व ग्रामेतिहास नांगराच्या फाळाभोंवतीं फिरत राहिला, आणि जेथें फाळ चालला नाहीं ती जमीन ‘पडीक’ ह्या एका शब्दांत आम्ही पुरून टाकली. ह्या चुकीचें मूळ कोठें आहे व तिचा भार कोणावर पडला, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

हा शब्दपाठ मराठ्यांनीं नवा घडविलेला नाहीं. उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत दिलेलें गांव ‘तृणकाष्ठोदकोपेत’ असल्याचें सांगितलें जातें. माळव्याच्या परमार भोजाच्या दानपत्रांत ‘तृणयूति’ व ‘गोचर’ हीं गांवाच्या सीमेबरोबरच येतात. त्याच्याही मागें गेलें तर कौटिल्य भेटतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत भूमिच्छिद्रविधान नांवाचा अध्याय आहे. जी भूमि नांगरास योग्य नाहीं तिचें काय करावें, हा त्याचा प्रश्न. आणि पहिलेंच उत्तर असें कीं, ती जनावरांस चराईसाठीं द्यावी. ह्या चराईच्या रानास त्यानें ‘विवीत’ असें नांव दिलें, त्यावर विवीताध्यक्ष नेमला, आणि जेथें पाणी नसेल तेथें विहिरी, बंधारे व झरे करण्याचें काम त्याकडे सोंपविलें. न पिकणाऱ्या जमिनीवर सरकारनें पाण्यासाठीं खर्च करावा असें ज्यास वाटतें, तो त्या जमिनीस निरुपयोगी समजत होता असें कोण म्हणेल?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें अथवा तीन वेळां काठी फेंकल्याइतकी जागा गुरांसाठीं मोकळी राखावी असें सांगून, नगरास ती तिप्पट सांगितली आहे. त्याच्या पुढील वचन आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. त्या राखीव जागेंत कोणी कुंपण न घालतां पीक केलें आणि गुरांनीं तें खाल्लें, तर राजानें गुराख्यास दंड करूं नये. म्हणजे गांवाचे कडेस असलेल्या मोकळ्या रानांत वहितदार हा आगंतुक आणि गुराखी हा घरचा. याज्ञवल्क्यानेंही हें अंतर गांव, कर्वट व नगर अशा चढत्या मानानें बांधून दिलें आहे. स्मृतिवचनें प्रत्यक्षांत किती पाळलीं जात हा वाद निराळा. परंतु कायद्याची कल्पना काय होती, हें त्यांवरून निःसंशय ठरतें.

आतां दख्खनच्या जमिनीकडे वळूं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा कहर होतो, आणि तेथून पूर्वेस पांचपन्नास मैलांवर तो पार आटतो. माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर, कर्जत, सांगोलें, जत हा सर्व टापू त्या पर्जन्यच्छायेंतला. वर्षाचा पाऊस वीस-पंचवीस इंच, तोही लहरी. नदीकाठची काळी जमीन सोडली तर वर वीतभर मुरमाड माती आणि खालीं काळा पाषाण. तेथें दाट अरण्य कधीं नव्हतें व होणारही नाहीं. तेथें जें उगवतें तें गवत: मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी, हरळी. मधून मधून बाभूळ, हिवर, तरवड, बोर, तरटी. उन्हाळ्यांत पाहणारास हें रान मेलेलें दिसतें. मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर आठ दिवसांनीं त्यानें तेथें पुन्हां यावें.

हा माळ म्हणजे तोडलेल्या अरण्याचा सांगाडा होय, असा समज सरकारी लिखाणांत दीर्घकाळ चालत आला आहे. तो समज आतां टिकणारा नाहीं. २०२५ सालीं आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनीं तेराव्या शतकापासूनचें मराठी वाङ्मय, संतचरित्रें, लोकगीतें व कथा ह्यांतील झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून असें दाखविलें कीं, पश्चिम महाराष्ट्राचें हें रान कित्येक शतकांपूर्वींही असेंच मोकळें, गवताळ व कांटेरी होतें. आमच्या वाचकांस ह्यांत विशेष समाधान वाटावें. कारण जो पुरावा वनस्पतिशास्त्रज्ञांनीं मातींत शोधावयाचा, तो येथें पोथ्यांत सांपडला. तरटीचें एक उदाहरण घ्या. पंढरपुरास विठ्ठलाच्या देवळांत कान्होपात्रेचें म्हणून जें झाड दाखवितात तें तरटीचें. वारकरी त्यास हात जोडतो. तें झाड माळाचें आहे, अरण्याचें नव्हे, हें आमच्यापैकीं किती जणांच्या ध्यानांत आलें होतें?

मराठी राज्याच्या दृष्टीनें गवत काय होतें, ह्यास शिवाजी महाराजांच्या एका पत्राइतका चांगला साक्षीदार नाहीं. राज्याभिषेकाच्या सुमाराचें, चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेलें हें पत्र राजवाड्यांनीं प्रसिद्ध केल्यापासून सर्वश्रुत आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये, ह्या त्याच्या उपदेशासाठीं तें नेहमीं पुढें केलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु पत्राचा खरा विषय पाहिला तर तो गवत व दाणा हा आहे. पावसाळाभर पुरावी म्हणून जी वैरण साठविली आहे ती आतांच मनास येईल तशी उधळली, तर पुढें मिळणार नाहीं. घोडीं उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि लोकांस तुमच्यापेक्षां मोंगल बरे वाटतील. अशी ही कारणांची सांखळी आहे, आणि तिची पहिली कडी गवताची पेंढी आहे. त्याच पत्रांत रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर वात ओढून नेईल व गवतास आग लागेल, असा इशारा आहे. ज्या राजानें किल्ले बांधिले व आरमार उभारिलें त्याची नजर गवताच्या गंजीजवळच्या उंदरापर्यंत पोंचते. गवत गेलें म्हणजे घोडा गेला आणि घोडा गेला म्हणजे दौलत गेली, हें त्यास पुस्तकावरून शिकावें लागलें नव्हतें.

राज्याच्या बारा महालांत पागा व थट्टी हे दोन महाल आहेत; म्हणजे बारांतील दोन खातीं केवळ चरणाऱ्या जनावरांची. मराठ्यांच्या फौजा परमुलखांत जी खंडणी घेत तिच्यापैकीं एकीचें नांवच ‘घासदाणा’ असें पडलें. गांवोगांव वनचराई, म्हैसपट्टी, शिंगशिंगोटी ह्या बाबी जमेस धरल्या जात. ज्या रानापासून सरकारास वसूल येतो, त्यास जमाखर्चाच्या भाषेंत पडीक म्हणतां येत नाहीं.

कुरण हा शब्दही नीट समजून घेतला पाहिजे. माळ आणि कुरण एक नव्हेत. माळ मोकळा असतो. कुरण राखलेलें असतें. पावसाळ्यांत कुरण बंद करीत, गवत वाढून त्याचें बीं भुईवर पडेपर्यंत जनावर आंत जाऊं देत नसत, नंतर कापणी होऊन भारे बांधले जात, आणि त्यानंतर कांहीं काळ तें चराईस खुलें होई. राखणीस माणूस ठेवावा लागे. बंद व खुलें यांचा हा फेरा नुसत्या गवतासाठीं नव्हे, तर पुढील वर्षाच्या बियाण्यासाठीं होता. जुन्नर तालुक्यांत कुरण नांवाचें गांवच आहे. कोंकणांत व घाटावर गोठणें, गवळेवाडी, धनगरवाडा हीं नांवें किती आहेत तीं मोजूं जाणारा थकेल. जमिनीचा जुना उपयोग कागदांवरून पुसला गेला तरी गांवाच्या नांवावरून पुसला जात नाहीं.

मात्र गतकालाचें सोन्याचें चित्र रंगविण्याचा आमचा हेतु नाहीं. सरकारी कुरण हें सरकारच्या घोड्यांसाठीं होतें, धनगराच्या मेंढरांसाठीं नव्हे. राखणदाराची काठी बहुधा त्याच्याच पाठीवर पडत असेल. फौज मुलखांतून जाई तेव्हां घासदाण्याची झळ मेंढपाळासही लागतच असेल. येथें म्हणणें इतकेंच कीं, त्या काळीं गवताबद्दल भांडण होतें. आणि ज्याबद्दल भांडण होतें तें मोलाचें असतें.

कुरणाचा राखणदार कागदांत क्वचित् तरी दिसतो. माळाचा राखणदार धनगर, तो जवळ जवळ दिसतच नाहीं. त्याचें कारण त्याच्या राहणींत आहे. पावसाळाभर तो माणदेश, फलटण, बारामतीकडील आपल्या गांवीं असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडा हलतो. येथें वाडा म्हणजे इमारत नव्हे, तर मिळून फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, हें नव्या वाचकासाठीं सांगितलें पाहिजे. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंकरें व लहान मुलें घालून, मेंढरांच्या खांडी पुढें करून, ते ठराविक वाटांनीं निघतात. कित्येक घाट उतरून कोंकणांत जातात. तेथें भात कापून झालेलें असतें व खाचरें रिकामीं असतात. शेतकरी त्यांस बोलावून आपल्या शेतांत मेंढरें बसवून घेतो. संध्याकाळीं वाघर लावून मेंढरें कोंडतात. रात्रभर त्यांच्या लेंड्या व मूत जमिनींत मुरतें. दुसरे दिवशीं वाघर पुढें सरकते. ह्याबद्दल धनगरास धान्य मिळतें, कधीं रोकड मिळते. मृगाच्या आधीं सर्व वाडे पुन्हां घाटावर येतात.

हा व्यवहार वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. पण हिशेब करून पाहावा. माळावरचें गवत माणसास खातां येत नाहीं, शेतास घालतां येत नाहीं. मेंढरूं तें खातें, स्वतःच्या पायांनीं तीस-चाळीस कोस चालतें, आणि जेथें पाहिजे तेथें खत होऊन पडतें. गाडी नको, रस्ता नको, हमाल नको. निर्जल माळाची शक्ति कोंकणच्या भातांत पोंचविण्याची ही योजना कोणी आंखली नाहीं. ती शतकांच्या सरावानें आंखली गेली. शिवाय वाडा एके ठिकाणीं थांबत नाहीं, त्यामुळें गवतास विसांवा मिळतो. कुसळी कोंवळी आहे तोंवर चारावी, तिला कुसळें धरलीं म्हणजे तीं लोकरींत व तोंडांत रुततात, ही गोष्ट धनगराच्या पोरास अक्षरओळख होण्याआधीं ठाऊक असते. ह्या ज्ञानास विद्या म्हणण्यास आमचे पंडित कचरतात, हा त्यांचा दोष आहे.

कागदांत नसलेला हा समाज दगडांत व देवळांत मात्र ठळक आहे. वीरगळांच्या खालच्या चौकटींत गुरांची रांग कोरलेली पुष्कळ ठिकाणीं आढळते. गुरें वळवून नेणाऱ्यांशीं लढतां लढतां पडलेल्या वीराचें तें स्मारक होय. खालीं झुंज, मध्यें अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. भूमीसाठीं मेलेल्यांची कीर्ति बखरींत आली. गुरांसाठीं मेलेल्यांची गांवाच्या वेशीबाहेर शेंदूर खात उभी आहे. सह्याद्रींत व खानदेशांत जुन्या पडझडीच्या खाणाखुणा ‘गवळी राजाच्या’ म्हणून दाखवितात. त्या कथांस इतिहास म्हणतां येणार नाहीं, पण लोकांच्या आठवणींत गुरें पाळणारा हा राजाच्या जागीं बसलेला आहे, एवढें त्यांवरून खास दिसतें.

देवांचेंही तेंच. जेजुरीच्या गडावर खंडोबाजवळ म्हाळसा आहे; बाणाई धनगरीण, तिचें देऊळ डोंगराच्या मध्यावर आहे. बाणाईसाठीं देवानें तिच्या बापाच्या घरीं मेंढका म्हणून चाकरी केली, अशी कथा आहे. आरेवाडीचा बिरोबा, वीरचा म्हस्कोबा, पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरदेव हीं धनगरांचीं मोठीं क्षेत्रें होत. जर्मन पंडित गुंथर सोंथायमर ह्यांनीं ह्या देवतांवर १९७६ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठीं ते वाड्यांबरोबर हिंडले, रात्रीं ढोलाच्या साथीवर चालणाऱ्या धनगरी ओव्या त्यांनीं उतरून घेतल्या. रा. चिं. ढेरे यांनीं १९८४ सालच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ ह्या ग्रंथांत खुद्द पंढरीच्या विठ्ठलाच्या मूळाशीं पशुपालकांचा देव पाहिला. ह्या मतावर वाद झाले व होत राहतील. परंतु ज्या रानास आम्ही रिकामें म्हणत आलों त्या रानानें महाराष्ट्रास त्याचे देव दिले कीं काय, असा प्रश्न विचारण्याची वेळ ह्या दोघांनीं आणली, हें निर्विवाद आहे.

राजकारणांतही माळाची छाप आहेच. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ सालीं धनगर घराण्यांत झाला; नीरेकाठचें होळ हें त्यांचें गांव. खानदेशांत मामाच्या घरीं त्यांनीं मेंढरें राखल्याची कथा सांगतात. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतील भीमथडी घोडीं, माणदेशची खिल्लार जनावरें, हीं दोन्ही ह्याच गवतावर पोसलेलीं. खिल्लार ह्या शब्दाचा अर्थच कळप. अंगानें सडपातळ, चालीस चपळ, थोडक्या वैरणीवर तग धरणारें हें जनावर माळाच्या स्वभावाचें आहे. मराठी फौजेची चपळाई हा इतिहासकारांचा आवडता विषय. ती चपळाई कोणत्या गवतांतून आली, हें सांगावयाचें मात्र राहून जातें.

मग ‘पडीक’ हा शब्द आला कोठून? जुन्या कागदांत ‘पड’ हा शब्द आहे. पण पड म्हणजे विसांव्यास टाकलेली जमीन, जी पुन्हां वहिवाटीस यावयाची असते व मधल्या काळांत गुरें चारण्यास उपयोगी पडते. त्या शब्दांत तुच्छता नाहीं. पेशवाईच्या अखेरीस पुण्याजवळील लोणी गांवाचें जें वर्णन डॉ. टॉमस कोट्स यांनीं लिहिलें व मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८२३ सालच्या ग्रंथांत छापलें गेलें, त्यांत गांवची सुमारें निम्मी जमीन वहितीखालीं व बाकीची सामाईक चराईची असें दिलें आहे. कोट्स परका असून त्यानें चराईची जमीन चराईची म्हणूनच नोंदली.

पालट झाला तो पुढील पिढींत. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं पाहणीस आरंभ केला. मातीची खोली व जात पाहून प्रत ठरवावयाची, प्रतीवरून आकार बसवावयाचा, ही त्यांची पद्धति. रयतेस जुन्या जाचांतून सोडविण्यास ती उपकारक झाली, हें कोणी नाकारूं नये. पण ती धान्य मोजण्याची पायली होती. तिनें गवत मोजतां येत नव्हतें. ज्या वीतभर मुरमावर उत्तम पवन्या येतो, तो मुरूम पाहणीच्या तराजूंत हलका ठरला. ज्यावर आकार बसेना तें खराब्यांत गेलें. इंग्रजी ‘वेस्ट’ व मराठी ‘पड’ हे शब्द एकाच रकान्यांत बसले, आणि त्या बैठकींत मराठी शब्दानें आपला अर्थ गमावला. आमच्या मतें दख्खनच्या माळाचें पहिलें नुकसान नांगरानें किंवा कुऱ्हाडीनें झालें नाहीं. तें एका रकान्याच्या मथळ्यानें झालें.

दुसरा घाव १८७८ च्या जंगल कायद्यानें घातला. गांवाभोंवतीचें पुष्कळ रान राखीव झालें. चराईस फी, हद्दींत जनावर शिरलें तर कोंडवाडा व दंड. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत जोतीराव फुले यांनीं डोंगर, दऱ्या व गायरानें जंगलखात्यानें गिळल्याची जी तक्रार मांडली आहे, ती ह्या संदर्भांत अवश्य वाचावी. ज्या गुराख्यास मनूनें दंडांतून मोकळा ठेवला, तो ह्या कायद्यानें पहिला आरोपी झाला.

स्वराज्यांत शब्द बदलला नाहीं. भारत सरकारनें २००० सालापासून पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले, त्यांतही असलें झुडपी व गवताळ रान पडीकच ठरलें आहे. पडीक म्हटल्यावर सुधारणा करणें आलें. माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखीं परकीं झाडें लावलीं गेलीं. सांवली झाली, गवत गेलें. सोलापूर जिल्ह्यांत नान्नज येथें माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें, रेहेकुरीस काळविटांसाठीं १९८० सालीं, सुप्याजवळ मयूरेश्वर येथें चिंकाऱ्यांसाठीं १९९७ सालीं. काळवीट व चिंकारा वांचले. माळढोक मात्र आज महाराष्ट्रांत जवळ जवळ दिसेनासा झाला आहे. पक्ष्यासाठीं जागा राखली गेली, आणि त्या जागेभोंवतीं हिंडणाऱ्या मेंढपाळासाठीं राखली गेली नाहीं, ह्याचें आम्हांस वैषम्य वाटतें. कारण दोघांचें रान एकच. उरलेल्या माळावर मेंढरांची दाटी होऊन तो झिजतो, हें खरें आहे. पण दहा वाड्यांचा माळ दोन वाड्यांपुरता करून मग आठ वाड्यांस दोष देणें हा न्याय विलक्षण आहे. घोंगडीचा व्यवहारही खालावला. दख्खनी मेंढीची काळी राठ लोकर सणगर विणीत. आज तिला कित्येक ठिकाणीं गिऱ्हाईक उरलें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें २०२६ हें साल चराऊ रानांचें व पशुपालकांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२२ सालींच जाहीर केलें, हें येथें नमूद करतों.

ह्या सर्वांत संग्राहकांचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो निकटचा आहे, व त्याबद्दल आम्हांस स्वतःची एक चूक सांगावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका जुन्या वतनदार घराण्याचें दफ्तर निवडण्याचें काम आम्हांकडे आलें होतें. सनदा, महजर व निवाडपत्रें एका बाजूस काढून त्यांच्या याद्या केल्या. वनचराईच्या चिठ्या, गवताच्या भाऱ्यांचे हिशेब, मेंढरें बसविल्याबद्दल दिलेल्या धान्याच्या नोंदी असा जो बारीकसारीक ऐवज निघाला, तो ‘किरकोळ’ अशी चिठ्ठी लावून एका रुमालांत बांधला व कोपऱ्यांत ठेवला. निवाडपत्रें छापलीं गेलीं. रुमालास वाळवी लागली.

कांहीं वर्षांनीं त्याच बाजूच्या एका खेड्यांतून एक वृद्ध धनगर आम्हांकडे आला. त्याच्या गांवच्या रानाबद्दल तंटा उपस्थित झाला होता. ‘आमचीं बकरीं तिथं बापजाद्यापासून चरतात, मालकांच्या कागदांत कुठं नांव असंल तर बघा,’ असें तो म्हणाला. आम्हीं त्यास छापील निवाडपत्रें दाखविलीं. त्यांत पाटलांचा मान होता, सीमेचे दगड होते, वतनाच्या तक्षिमा होत्या. मेंढरें नव्हतीं. तो बराच वेळ कागदांकडे पाहत बसला. मग घोंगडी खांद्यावर टाकून, पाणी पिऊन गेला. तंट्याचा निकाल काय लागला तें आम्हीं विचारलें नाहीं; विचारण्याचें धैर्य झालें नाहीं असें म्हणणें अधिक खरें होईल.

ही गोष्ट केवळ हळहळीची नाहीं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यांत भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. आणि त्याखालील नियमांत जुनीं ग्याझेटें, पाहणीचे अहवाल, नकाशे, पूर्वींच्या संस्थानांचे व सरकारांचे हक्कसवलतींचे कागद, वृद्धांचे लेखी जबाब, पारंपरिक चराईच्या जागा, विहिरी व देवस्थानें हीं पुराव्यास चालतात. म्हणजे जो कागद आम्ही किरकोळ म्हणून टाकतों तो उद्यां कोणाचा तरी आधार होऊं शकतो. सनदेची दुसरी प्रत पुणें, सातारा किंवा कोल्हापूर दफ्तरांत मिळेल; वनचराईच्या चिठीची प्रत कोठेंही मिळणार नाहीं.

धनगरी ओव्यांबद्दलही तसेंच. त्यांत देवाची कथा आहे म्हणून त्या लोकसाहित्याच्या कपाटांत गेल्या. पण सुंबरान मांडून झाल्यावर देव ज्या वाटेनें मेंढरें घेऊन जातो त्या वाटेवरचीं गांवें, पाणवठे, खिंडी व मुक्काम ओवी क्रमानें सांगते. एका ओवीवरून मार्ग ठरविणें धाडसाचें होईल. परंतु दहा गायकांच्या ओव्या नकाशाशीं ताडून पाहिल्या, आणि त्या वाटेवरील बिरोबा-म्हस्कोबांचीं ठाणीं त्यांवर मांडलीं, तर वाड्यांच्या जुन्या मार्गांचा आराखडा निघावा अशी आमची अटकळ आहे. तो कोणीं तरी काढला पाहिजे, व गाणारे आहेत तोंवर काढला पाहिजे.

ज्यांच्या संग्रहीं वनचराई, म्हैसपट्टी, कुरणाची राखण, गवताची कापणी, मेंढरें बसविण्याचा करार किंवा गायरानाच्या हद्दी यांसंबंधीं कागद असतील, त्यांनीं ते फाटके, अर्धवट अगर बिनतारखेचे असले तरी त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. नक्कल करतांना मधला मजकूर गाळूं नये. इनामपत्रांत ‘तृण’ हा शब्द आहे कीं नाहीं, आणि नसल्यास तेथें कोणता शब्द आहे, हेंही कळवावें. कांहीं पत्रांत तो गळलेला आढळतो, आणि तो लेखकाच्या हातून गळला कीं देणाऱ्यानें गवत आपल्याकडेच ठेविलें, हें बरींच पत्रें एकत्र पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.